पटावरचें नांव

आमच्या परिचयाच्या एक डॉक्टरबाई आहेत. धाराशिव जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं त्यांनीं पंचवीसएक वर्षें व्यवसाय केला. त्या गांवीं व्यापारी, वकील, डॉक्टर इत्यादि मंडळींचा एक सेवा-क्लब होता. नेत्रचिकित्सेचीं शिबिरें भरवावीं, गरीब विद्यार्थ्यांस वह्या-पुस्तकें द्यावीं, उन्हाळ्यांत पाणपोई घालावी, अशीं त्याचीं कामें. शिबिरांत रोगी तपासण्यास बाई अनेक वर्षें विनामूल्य जात असत. पुढें एके वर्षीं त्यांस सभासद करून घेण्याचें ठरलें व प्रवेशाचा छापील अर्ज त्यांजकडे आला. त्यांत 'पत्नीचें नांव' असा एक रकाना होता. बाईंनीं तो शब्द खोडला, वर 'पतीचें' असें लिहिलें व अर्ज भरून पाठविला. पहिल्या सभेंत टाळ्या वाजवून त्यांचें स्वागत झालें, आणि त्याच सभेंत त्यांची नेमणूक स्वागत व अल्पोपाहार समितीवर झाली.

ही हकीकत सांगतांना बाईंच्या स्वरांत कडवटपणा नव्हता. त्या एवढेंच म्हणाल्या, "शिबिरांत रोगी तपासत होतें, तेव्हां मी डॉक्टर होतें. सभासद झालें आणि वहिनी झालें!"

हें वाक्य आम्हीं पुष्कळ दिवस मनांत घोळविलें. वरवर पाहतां तो विनोद आहे. परंतु स्त्रिया आणि सार्वजनिक सेवेच्या संस्था यांच्या शंभर-सवाशें वर्षांच्या इतिहासाचें सार त्यांत आलें आहे, असें आम्हांस वाटतें. स्त्रीस सेवा करण्याची मनाई कोणत्याहि काळीं कोणीं केली नाहीं. मनाई होती ती ठरविण्याची. काम कोणतें करावयाचें, त्यासाठीं पैसा किती व कोठें खर्चावयाचा, आणि हें ठरविणाऱ्यांच्या पटावर नांव कोणाचें असावयाचें, हा तो खरा उंबरठा होय. हा उंबरठा पुण्यांत कसा होता, दूर अमेरिकेंत कसा होता आणि आमच्या धाराशिवच्या खेड्यांत तो कोणत्या प्रसंगानें ओलांडला गेला, हें येथें थोडक्यांत पाहण्याचा विचार आहे.

प्रथम पुणें. महाराष्ट्रांत सभा, समाज आणि मंडळें यांचा उदय एकोणिसाव्या शतकांत झाला, व त्यांत पुण्याचा वाटा मोठा. परंतु या सभांतील श्रोतृवर्ग आणि वक्तृवर्ग हे दोन्ही बहुतेक पुरुषांचेच. १८८२ सालीं पंडिता रमाबाईंनीं पुण्यास आर्य महिला समाज स्थापन केला, तेव्हां स्त्रियांस स्वतःची अशी एक सभा मिळाली. न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी रमाबाई याच वातावरणांत सार्वजनिक कार्यांत आल्या. पुण्यास मुलींचें हायस्कूल निघावें म्हणून जी खटपट चालली होती, तींत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर त्यांनीं इंग्रजींत निवेदन वाचलें. १८८४ सालीं तें हायस्कूल निघालेंहि. सभेंत वाखाणणी झाली. घरीं वडील बायकांचा रोष पदरीं आला. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या त्यांच्या पुस्तकांत या ओढाताणीचें जें वर्णन आहे, तें वाचतांना आजहि मन द्रवतें. त्यांची अडचण दुहेरी होती. बाहेरच्या सभेंत त्या रानड्यांच्या पत्नी म्हणून, आणि घरांत सभेस जाणारी सून म्हणून ओळखल्या जात. निव्वळ रमाबाई म्हणून त्यांस ओळखणारें ठिकाण त्या काळीं फारसें नव्हतें.

१८८९ च्या डिसेंबरांत मुंबईस राष्ट्रीय सभेचें पांचवें अधिवेशन भरलें. त्यास दहाएक स्त्रिया प्रतिनिधि म्हणून आल्या होत्या व त्यांत पंडिता रमाबाई होत्या. त्याच वेळीं भरलेल्या सामाजिक परिषदेंत विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्या बोलावयास उभ्या राहिल्या. तेव्हांची एक आख्यायिका त्यांच्या चरित्रकारांनीं सांगितली आहे. सभेंत गलबला होता. तो शांत होईपर्यंत बाई थांबल्या, आणि स्त्रीचा आवाज लहान असेल तर तो मोठा करण्याची संधि आपणच तिला दिली नाहीं, अशा अर्थाचें त्या बोलल्या. आख्यायिकेंत चरित्रकारांच्या भक्तीचा अंश किती असेल तो असो. त्या बोलण्यांतील तर्क बिनतोड आहे. सभेची संवय सभेंत बसल्यानेंच लागते. ज्यांस कधीं बसूं दिलें नाहीं, त्यांस सभेची संवय नाहीं असें म्हणून बाहेर ठेवणें म्हणजे पाण्यांत न उतरूं देतां पोहतां येत नाहीं म्हणून दोष देण्यासारखें आहे.

पुढें १९०५ सालच्या जून महिन्यांत गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं पुण्यास भारत सेवक समाज काढला. त्यांच्यासह द्रविड, पटवर्धन व देवधर अशा चौघांनीं प्रथम शपथ घेतली. देशसेवा हेंच आयुष्याचें काम मानणारे हे चार पुरुष. यांपैकीं गोपाळ कृष्ण देवधरांच्या साह्यानें रमाबाई रानड्यांनीं २ ऑक्टोबर १९०९ रोजीं पुणें सेवासदन सुरूं केलें. न्यायमूर्ति जाऊन तेव्हां आठ वर्षें झालीं होतीं. शेंकडों स्त्रिया सेवासदनांत शिकल्या, परिचारिका झाल्या, शिक्षिका झाल्या. या संस्थेचें ऋण महाराष्ट्रावर एवढें मोठें आहे कीं तिच्याविषयीं उणा शब्द काढण्याची आमची छाती नाहीं. तथापि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. स्त्रियांसाठीं वेगळें घर बांधून देण्यास समाज तयार झाला. एकाच घरांत, एकाच बैठकीवर बसून ठरविण्यास तो अद्याप तयार नव्हता. वेगळें घर हा त्या काळाचा उपाय होता आणि त्या काळाची मर्यादाहि होती.

ही मर्यादा केवळ आमची होती असें मात्र कोणीं समजूं नये. ज्या सालीं पुण्यास भारत सेवक समाज निघाला, त्याच सालच्या २३ फेब्रुवारीस अमेरिकेंत शिकागो शहरीं पॉल हॅरिस नांवाच्या वकिलानें आपल्या तीन मित्रांसह रोटरी क्लबाचा पाया घातला. दोहोंचें स्वरूप अगदीं भिन्न. एकींत संन्यस्त वृत्तीनें आयुष्य वाहावयाचें, तर दुसरींत धंदा संभाळून सेवा करावयाची. परंतु सेवकांच्या पटावर पुरुषांचींच नांवें, हा दोहोंच्या आरंभीं सारखेपणा होता. रोटरीच्या नियमांत तर सभासद 'पुरुष' असावा असा स्पष्ट शब्दच होता. सभासदांच्या पत्नी कामास नव्हत्या असें नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळीं इंग्लंडांत त्यांनीं पुष्कळ सेवाकार्य केलें. आणि १९२४ च्या जानेवारींत मँचेस्टर येथें मार्गारेट गोल्डिंग या बाईंनीं सभासदांच्या पत्नींची 'इनर व्हील' ही निराळी संस्था काढली. मँचेस्टरमध्यें झालें तें पुण्याहून फारसें वेगळें नाहीं: घर वेगळें, काम तेंच.

यापुढील कथा आमच्या वाचकांस विशेष वाटेल. १९५० सालीं रोटरीच्या नियममंडळापुढें एक ठराव आला कीं, क्लबाच्या घटनेंतील 'पुरुष' हा शब्द गाळून टाकावा. हा ठराव न्यूयॉर्कनें आणला नव्हता, लंडननेंहि नव्हता. तो भारतांतील एका क्लबानें आणला होता. १९६४ सालीं याच अर्थाची सूचना सिलोनांतून गेली. दोन्ही वेळां दार उघडलें नाहीं.

दार उघडलें तें कोर्टकचेरीनें. कॅलिफोर्नियांतील डुआर्टे या लहान गांवच्या क्लबास सभासदांची चणचण पडूं लागली, तेव्हां १९७७ च्या सुमारास त्यानें तीन स्त्रियांस सभासद करून घेतलें. मुख्य संस्थेनें १९७८ सालीं त्या क्लबाची सनद काढून घेतली. क्लब कोर्टांत गेला. खटला खालच्या कोर्टांतून वर चढत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत पोहोंचला, आणि ४ मे १९८७ रोजीं निकाल क्लबाच्या व स्त्रियांच्या बाजूनें लागला. एकाहि न्यायाधीशानें विरुद्ध मत दिलें नाहीं.

या खटल्यांतील वाद वाचण्यासारखा आहे. संस्थेचें म्हणणें असें कीं, आपले सोबती निवडण्याचा हक्क माणसास असतो, आणि क्लब हें सोबत्यांचें मंडळ आहे. शिवाय अनेक देशांत अनेक चालीरीति. स्त्रिया घेतल्या तर परदेशांत काम करणें कठीण जाईल. पैकीं दुसऱ्या मुद्द्याचा विचार करतांना आम्हांस नवल वाटतें. ज्या पूर्वेकडील देशांच्या चालीरीतींचा असा विचार व्हावयाचा, त्याच पूर्वेकडून, म्हणजे भारतांतून व सिलोनांतून, तो शब्द गाळण्याची सूचना कितीतरी वर्षें आधीं गेली होती! पहिल्या मुद्द्यास न्यायमूर्ति पॉवेल यांनीं दिलेलें उत्तर मार्मिक आहे. ज्या संस्थेचे सभासद जगभर नऊ लाखांच्या घरांत आहेत, जिच्यांत माणसें येतात व जातात, जिच्या सभेस पाहुण्यांस मज्जाव नाहीं आणि जिचें कार्य लोकांसाठीं आहे, ती कुटुंबासारखी खासगी वस्तु नव्हे. निकालपत्रांत असेंहि नमूद आहे कीं, स्त्रियांस सभांस येण्याची, भाषणें करण्याची व पारितोषिकें स्वीकारण्याचीहि मोकळीक होती. म्हणजे पाहुणी म्हणून या, वक्ती म्हणून या, सत्कारास या. नांव मात्र पटावर नको. आमच्या डॉक्टरबाईंनीं जें एका वाक्यांत सांगितलें, तेंच हें.

१९८९ सालीं नियममंडळानें तो शब्द काढून टाकला. लायन्स क्लबांनीं १९८७ सालींच स्त्रियांस प्रवेश दिला होता. १९९० च्या मध्यापर्यंत रोटरींत वीस हजारांवर स्त्रिया आल्या, आणि २०२२ सालीं जेनिफर जोन्स या बाई सबंध जगाच्या रोटरीच्या अध्यक्ष झाल्या. मधलीं वर्षें संस्थेचीं फुकट गेलीं, असेंच म्हटलें पाहिजे.

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळूं. पुण्यामुंबईस जें शतक सभांचें होतें, तें येथें नव्हतें. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. सार्वजनिक सभा भरविण्यास सरकारची आगाऊ परवानगी लागे. १९२९ सालची ५३ क्रमांकाची 'गश्ती' या बाबतींत कुप्रसिद्ध आहे. सार्वजनिक वृत्तीस आश्रय मिळाला तो शाळांत. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, जेथें स्वामी रामानंद तीर्थांनीं अध्यापन केलें, ती याच जिल्ह्यांतली. जेथें पुरुषांच्याच सभेस बंदी, तेथें स्त्रियांची सभा ही दूरची गोष्ट होय.

तरीहि खेड्याचा स्वतःचा एक क्लब होताच. तो म्हणजे पार किंवा चावडी. गांवचें भांडण, गांवची जत्रा, गांवची विहीर, सर्व कांहीं तेथें ठरे. त्यास घटना नव्हती, वर्गणी नव्हती. पण सभासदत्वाचा नियम मात्र कडक होता. मराठवाड्यांतील पुष्कळ गांवांत स्त्री चावडीवरून जातांना पदर पुढें ओढून, वहाणा हातांत घेऊन जाई, हें आमच्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलें आहे. जेथून वहाणा घालून जातां येत नाहीं, तेथें बसावयाचें कसें?

१९९३ सालीं दोन गोष्टी घडल्या. २४ एप्रिलपासून घटनेची ७३ वी दुरुस्ती अमलांत आली व पंचायतींत एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठीं राखल्या गेल्या. आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारच्या सुमारास, अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून गांवें झोपीं गेलीं असतां भूकंप झाला. आम्ही त्या वेळीं नुकतेच अध्यापनास लागलों होतों. विद्यार्थ्यांसह आम्ही सास्तूरकडे गेलों, तेव्हां जें पाहिलें त्याचें वर्णन येथें करीत नाहीं. लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें गेलीं. बावन्न गांवें पार कोसळलीं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर पांढऱ्या मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत गारवा देणारें हें घरच माणसांवर आलें.

जीं गांवें पूर्ण पडलीं नाहींत, तेथील घरांची दुरुस्ती व बळकटी करण्याची एक मोठी योजना राज्य सरकारनें जागतिक बँकेच्या कर्जांतून हातीं घेतली. कोपरे बळकट करणें, भिंतींत आरपार बांध घालणें, माथ्यावरचें ओझें कमी करणें, अशीं तीं कामें. पैसा घरमालकानें स्वतः खर्चावयाचा होता. परंतु काय करावें व कां करावें, हें घरोघर पोहोंचत नव्हतें. अभियंता येई, पारावर चार पुरुषांशीं बोले आणि जाई. भेग कोणत्या भिंतीस आहे, तुळई कोठें खचली आहे, हें ज्यांस नेमकें ठाऊक, त्या घरांत चुलीपाशीं असत. ही उणीव ओळखून सरकारनें १९९४ पासून 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेची मदत घेतली. प्रेमा गोपालन या तिच्या प्रमुख. दोन जिल्ह्यांतील बाराशेंच्या आसपास गांवांत महिला मंडळांचा उपयोग करण्यांत आला व गांवांतल्याच स्त्रियांस 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यांत आलें.

या नेमणुकीचा अर्थ नीट लक्षांत घेतला पाहिजे. हीं मंडळें पूर्वीं हळदीकुंकवापुरतीं किंवा कागदावर होतीं. आतां त्यांतील बाईस अभियंत्याबरोबर घरोघर हिंडावयाचें होतें, सिमेंट व लोखंड यांचे हिशेब समजून घ्यावयाचे होते आणि ग्रामसभेंत उभें राहून तें सांगावयाचें होतें. बायकांस बांधकामांतलें काय कळतें, हा प्रश्न गांवोगांव विचारला गेला. त्याचें उत्तर भाषणानें मिळालें नाहीं; भिंती उभ्या राहिल्या त्यानें मिळालें. काम शिकतां शिकतां सभेची संवय लागली. १८८९ सालीं मुंबईस जी संधि मागितली गेली होती, ती एका शतकानंतर धाराशिवच्या खेड्यांत एका आपत्तीनें दिली.

योजना १९९८ च्या सुमारास संपली. मंडळें संपलीं नाहींत. त्यांतून बचतगट झाले, कर्जें दिलीं-घेतलीं गेलीं. तुळजापूर तालुक्यांतील गंधोरा गांवच्या गोदावरी डांगे यांचें नांव आज परदेशांतहि ठाऊक आहे. लहान वयांत लग्न, लवकरच वैधव्य, आणि मग बचतगटाच्या बैठकींतून हळूहळू घराबाहेर पडलेलें पाऊल, असा त्यांचा प्रवास. पुढें दुष्काळाशीं झगडतांना एक एकर जमीन बाईच्या ताब्यांत घेऊन तींत घरापुरतें धान्य, डाळी व भाजी पिकविण्याची जी रीत या भागांत पसरली, तिच्यामागें अशाच स्त्रिया आहेत. २०१७ सालीं या संस्थेस संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक मिळालें. परंतु आम्हांस याहून मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. २००१ सालीं कच्छांत भूकंप झाला आणि २००४ च्या अखेरीस तामिळनाडूच्या किनाऱ्यावर समुद्र चढून आला, तेव्हां लातूर-धाराशिवच्या बायका तेथें गेल्या. भाषा येत नव्हती. पण पडलेल्या घरासमोर बसलेल्या बाईस काय विचारावें व काय विचारूं नये, हें त्यांस ठाऊक होतें. सेवा-क्लब याहून वेगळें काय करतो?

येथें दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, स्त्रियांच्या वेगळ्या संस्था चांगल्या चालतात, तर पुरुषांच्या संस्थेंत शिरण्याचा हट्ट कशास? याचें उत्तर वर आलेंच आहे. सेवासदन नसतें, महिला मंडळ नसतें, तर स्त्रिया तयार झाल्या नसत्या. परंतु गांवचें पाणी, गांवची शाळा, गांवचा पैसा यांचा निर्णय जोंवर दुसऱ्या बैठकींत होतो, तोंवर वेगळें घर अपुरेंच. पहिलें घर ही पायरी आहे, मुक्काम नव्हे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. पंचायतींत राखीव जागा झाल्या, महाराष्ट्रांत २०११ सालीं त्या निम्म्या झाल्या. तरी पुष्कळ ठिकाणीं खुर्ची बाईची आणि सही नवऱ्याच्या सांगण्याची, असेंच दिसतें. मग नुसत्या नांवानें काय साधलें? आक्षेपांत तथ्य आहे, हें आम्ही कबूल करतों. पटावर नांव आल्यानें अधिकार आपोआप येत नाहीं. परंतु नांवच नसेल तर अधिकार मागावयाचा कोणत्या आधारावर? नांव हें बीज आहे. तें कधीं कधीं उगवत नाहीं. पण न पेरलेलें कधींच उगवत नाहीं.

डॉक्टरबाईंची हकीकत आम्हीं अर्धी सांगितली. त्यांनीं स्वागत समितीचें काम वर्षभर मुकाट्यानें केलें, चहाहि पाहिला. वार्षिक सभेंत मात्र त्या उठल्या व त्यांनीं जमाखर्चाची वही मागितली. नेत्रशिबिरासाठीं आलेल्या रकमेंतील किती भाग मंडपावर व फलकांवर गेला, एवढेंच त्यांस पाहावयाचें होतें. सभेंत थोडी कुजबूज झाली. एका वृद्ध सभासदानें, "वहिनी, बसा, मग पाहूं," असें म्हटलें. बाई बसल्या नाहींत. वही आली. पुढच्या वर्षीं मंडप लहान झाला, शस्त्रक्रिया अधिक झाल्या, आणि त्यापुढच्या वर्षीं खजिनदार म्हणून बाईंचेंच नांव सुचविण्यांत आलें. सुचविणारे तेच वृद्ध गृहस्थ होते. त्यांनीं त्या दिवशीं त्यांस 'डॉक्टर' म्हटलें.

आम्हीं बाईंस विचारलें, तो अर्जाचा नमुना पुढें बदलला काय? त्या म्हणाल्या, "बदलला. आतां रकान्यांत 'पति अथवा पत्नी' असें छापतात. पण जुने अर्ज शिल्लक होते, तेवढे आधीं संपवावे लागले."